एक जूनची पोरं

पुष्पावतीबाईंना इंग्रजी टायपिंग मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाने येत असे. इंग्रजी मात्र येत नसे. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि जव्हारात दुसऱ्या कोणालाही वाटलं नाही. टायपिस्टने समोरचा कागद पाहायचा आणि तसाच्या तसा उतरवायचा; अर्थाची जबाबदारी सही करणाऱ्याची. याच तत्त्वावर त्यांनी एका संस्थेत अकरा वर्षं नोकरी केली होती. संस्था जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मुलामुलींची वसतिगृहं चालवायची, आणि बाई संस्थेचा पत्रव्यवहार चालवायच्या.

लग्न जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. त्याचं त्यांनी फार मनावर घेतलं नव्हतं. घरी त्या आणि वडील, भास्कर गुरुजी, एवढीच माणसं. गुरुजींची नोकरी जामसर, वावर आणि शेवटी वांगणी अशा शाळांवर गेली. जून तोंडावर आला की पाड्यापाड्यांवर फिरून पोरं गोळा करायची, शाळेत आणून बसवायची आणि पळून गेली की पुन्हा आणायची, असं तीस वर्षं चाललं. दाखल करताना पोराची जन्मतारीख लिहावी लागे. आयांना विचारावं तर एक सांगे भाताची आवणी चालू होती तेव्हाचा, दुसरी सांगे त्या साली आमची गाय वाघाने नेली. गुरुजी वादात पडत नसत. पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की सहा वर्षं पूर्ण झाली असं समजायचं, त्यावरून साल काढायचं, आणि तारखेच्या जागी एक जून लिहून मोकळं व्हायचं. शाळेत बसायला लागायच्या वेळी वय बरोबर सहा भरतं, कोणी साहेब तपासायला आला तरी बोट ठेवायला जागा नाही. आजूबाजूचे मास्तरही हेच करत. त्यामुळे त्या डोंगरात पाळणे बारा महिने हलत असले, तरी कागदावर सगळी प्रजा एकाच दिवशी जन्मत असे. गुरुजी घरी हे हसत सांगायचे आणि पुष्पावतीबाईही हसायच्या.

सत्त्याण्णव साली मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने आपला जुना कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर संस्थेला दान दिला. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, म्हणून कोणी मोजले नाहीत. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राही, एवढंच. माऊस नाही, चित्रं नाहीत. संस्थेच्या चिटणिसांनी ते पाहून मान हलवली आणि टायपिंग येतं म्हणून मशीन पुष्पावतीबाईंच्या गळ्यात घातलं.

शिकवायला नाशिकहून सुशील नावाचा एक इंजिनिअर चार दिवस आला. मुलगा सालस होता, पण घाईत होता. त्याच वर्षी वसतिगृहांतल्या सगळ्या मुलांचे फोटो काढले होते. अनुदानाच्या अर्जांवर चिकटवून ते ठाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत जायचे होते. जाण्याआधी प्रत्येक फोटो स्कॅनरवर ठेवून मशीनमध्ये साठवायचा, असं ठरलं. साठवलेला फोटो पाहण्यासाठी सुशीलने एक छोटासा प्रोग्रॅम घालून दिला. काळ्या पडद्यावर 'व्ह्यू' लिहायचं, एक जागा सोडायची, फोटोचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. की फोटो आला. पुन्हा कुठलंही बटण दाबेपर्यंत तो पडद्यावर राहतो. दाबलं की जातो. नाव नेमकं ठाऊक हवं, एका अक्षराची चूक झाली तर काही दिसत नाही. आणि नाव आठ अक्षरांहून मोठं चालत नाही.

बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं की मशीन मधूनमधून इंग्रजीत काहीबाही विचारतं, तेव्हा काय करायचं. सुशीलची एसटी सुटायला वीस मिनिटं होती. तो म्हणाला, काही विचारलं तर वाय दाबा, म्हणजे हो. एन दाबलंत तर काम अडून बसेल. बाईंनी तेही वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठ अक्षरांत पोराचं नाव कसं बसवायचं, हा प्रश्न त्यांनी एका दुपारी सोडवला. पोराच्या नावाचं पहिलं अक्षर, आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे जन्मतारखेचे सहा आकडे. मोजून आठ. माधव चौधरी असेल तर एमसी, आणि पुढे तारीख, महिना, साल. हजेरीपट उघडला की कुठल्याही पोराचं मशीनमधलं नाव आपोआप तयार होत होतं, वेगळी यादी ठेवायला नको. चिटणिसांनी शाबासकी दिली. दोन महिने खपून बाईंनी सहाशे चाळीस फोटो एकेक करून आत घातले. मशीनने मधूनमधून विचारलं, त्यांनी वाय दाबलं. काम कुठे अडलं नाही. मग अर्ज ठाण्याला गेले, आणि ठाण्याला गेलेले कागद परत येत नाहीत, तसे ते आले नाहीत.

त्या फोटोंचा पुढे संस्थेला काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो लोकांना. कुठल्यातरी पोराने घरी सांगितलं असावं, कारण बाजाराच्या दिवशी माणसं यायला लागली. जव्हारला मीठ-मिरची घ्यायला आलेली माणसं पिशव्या ओट्यावर ठेवत आणि दारातून आत डोकावत. पोर वसतिगृहात शिकत असे, ते सोडून त्यांना त्याचा फोटो पाहायचा असे. बाई हजेरीपट पाहून नाव टाइप करत. मशीन जुनं, त्यामुळे फोटो एकदम येत नसे. वरून खाली रेघेरेघेने उतरे. आधी भांग, मग कपाळ, मग डोळे. काही आया भांगावरूनच पोर ओळखत, आणि नाक दिसेपर्यंत बाकीच्यांनाही कळलेलं असे. एखादी पुढे होऊन काचेला हात लावी, तेव्हा काचेवरच्या विजेने तिच्या हातावरचे केस उभे राहत आणि ती हात मागे घेई. मग आतापुरतं समाधान होऊन माणसं एसटीकडे निघून जात.

पुष्पावतीबाई वरून कुरकुर करत, आतून खूश असत. गावात त्यांना आता कोणी टायपिस्ट म्हणत नसे, फोटोवाली बाई म्हणत. पोराचं नाव ऐकल्याबरोबर आठ अक्षरं बोटांतून उतरत. कधी चुकीचं पोर पडद्यावर येई, तेव्हा त्या म्हणत की हजेरीपटात काहीतरी घोळ असेल, आणि आई म्हणे की असेल बाई. दोघींनाही कागदाचा घोळ नवा नव्हता.

असं सहा वर्षं चाललं. दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीत वांगणीची सुकरी भोये आली.

सुकरी बाजारासाठी आली नव्हती. हातात पिशवी नव्हती. पहिल्या एसटीने निघून ती दहाच्या सुमारास दारात उभी राहिली आणि बाईंनी बोलावेपर्यंत उभीच राहिली. तिची मुलगी माघी वसतिगृहात होती. चौथीत असताना, अठ्ठ्याण्णव साली, आईबापांनी तिला सोबत वीटभट्टीवर नेलं, कारण धाकट्या पोराला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी माघी कावीळ होऊन वारली. भट्टी होती त्या वसईच्या बाजूलाच कुठेतरी तिला पुरलं. नवरा जिव्या पुढे दोन वर्षांनी गेला. घरात माघीची एक वस्तू नव्हती. तिच्याबरोबर शिकलेल्या पाड्यावरच्या एका पोरीने परवा बोलता बोलता सांगितलं की आम्हा सगळ्यांचे फोटो तिकडे खोक्यात आहेत, माघीचा पण आहे, आम्ही एकाच रांगेत उभ्या होतो. हे सगळं सुकरीने सुटं सुटं सांगितलं. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "तिचं तोंड आता मला नीट येत नाय डोळ्यापुढं. पाच वरसं झाली. दाखव बाई."

जव्हारच्या कचेऱ्यांत पाड्यावरून आलेल्या माणसाला, मग तो सत्तर वर्षांचा का असेना, सरसकट तू म्हणायची रीत होती. बाईही म्हणायच्या. बस गं, दाखवते, असं म्हणून त्यांनी जुना हजेरीपट काढला. भोये, माघी जिव्या, वांगणी. जन्मतारीख एक जून अठ्ठ्याऐंशी. एमबी ०१०६८८. त्यांनी टाइप केलं आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली.

वरून भांग उतरला, कपाळ उतरलं. लाल रिबिनी बांधलेली, मोठ्या कॉलरचा फ्रॉक घातलेली आठ-नऊ वर्षांची पोर पडद्यावर आली. सुकरी पुढे वाकली, नीट पाहिलं आणि सरळ झाली.

"ही माझी नाय."

बाईंनी पुन्हा हजेरीपट पाहिला, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तीच पोर. त्या म्हणाल्या की नाव टाकताना मागेपुढे झालं असेल, फोटो आहे नक्की, कारण एकही सोडलेला नाही. मग सगळेच पाहू. सुशीलने तीही सोय सांगून ठेवली होती. नावाच्या जागी चांदणीची खूण टाकली की प्रोग्रॅम सगळे फोटो एकामागून एक दाखवत जातो, प्रत्येक फोटोला एकदा बटण दाबायचं.

त्यांना वाटलं होतं, सुकरी मुलग्यांचे फोटो भराभर पुढे जाऊ देईल. तसं झालं नाही. ती प्रत्येक पोराकडे सारखाच वेळ पाही. अधूनमधून एखाद्या पोराचं नाव सांगे, हा आमच्या शेजारणीचा, ही नवशीची धाकटी, आणि पुन्हा पडद्याकडे पाही. शंभर झाले, दोनशे झाले. बाईंचा अंगठा दुखायला लागला. तीनशेच्या आसपास असताना बारा वाजता लाईट गेली.

ती दोनशिवाय येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. सुकरी ओट्यावर जाऊन बसली. बाईंना डबा खावासा वाटेना. त्यांनी हजेरीपट खिडकीशी नेला आणि वांगणीच्या पोरी बोटाने शोधत बसल्या. आजवर त्यांनी तो हजेरीपट आडवा वाचला होता. एक पोर, तिची ओळ, तिचं नाव, तिची तारीख. आज बोट वरून खाली चाललं होतं. एक जून. एक जून. एक जून. पानं उलटली तरी तेच. एकट्या अठ्ठ्याऐंशी सालच्या एक जूनला जन्मलेली पोरं मोजली तर एकोणऐंशी भरली. आणि माघीच्या ओळीवर येऊन त्या थबकल्या. माघ महिन्यात झाली म्हणून पोरीचं नाव माघी. नावाच्या रकान्यात माघ लिहिलेला, शेजारच्या रकान्यात जून. ज्यांनी लिहिलं त्यांना दिसलं नाही आणि ज्यांनी टाइप केलं त्यांनाही दिसलं नाही. वांगणीच्या शाळेत तेव्हा गुरुजी कोण होते, हे पुष्पावतीबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी बोट तसंच खाली नेलं. चार पानं पुढे जामसरच्या मुली होत्या. भोये, मंजुळा. एक जून अठ्ठ्याऐंशी. एमबी ०१०६८८.

दोन वाजता लाईट आली. त्यांनी सुकरीला हाक मारली आणि उरलेले फोटो दाखवायला बसल्या. आता त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपोटी प्रत्येक नव्या फोटोला त्या मनात म्हणत की हीच असू दे. साडेतीनच्या सुमारास फोटो संपले आणि पांढरी रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. माघी आली नव्हती. बाईंनी सुकरीला चहा पिऊन ये म्हणून बाहेर पाठवलं, आणि आतल्या फाईली मोजायचा हुकूम टाइप केला. मशीनने आकडा दिला, पाचशे त्रेपन्न. हजेरीपटात सहाशे चाळीस.

मग त्यांनी एक प्रयोग केला. भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं एक पान फाडून स्कॅनरवर ठेवलं आणि साठवताना एका असलेल्या फोटोचंच नाव दिलं. मशीनने इंग्रजीत एक ओळ विचारली, शेवटी वाय की एन. त्यांनी ओळखली ती ओळ. दोन महिन्यांत कितीदा पाहिली होती. त्यांनी वाय दाबलं नाही. शेजारच्या खोलीतून शाळेची डिक्शनरी आणली आणि एकेक शब्द लावत ओळ वाचली. या नावाची फाईल आधीच आहे. ती पुसून तिच्या जागी ही घालू का?

मशीनने विचारलं होतं. न विचारता काही केलं नव्हतं. सत्त्याऐंशी वेळा विचारलं होतं आणि सत्त्याऐंशी वेळा त्यांनी हो म्हटलं होतं. बाईंनी एन दाबलं आणि हात मांडीत घेऊन बसून राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, इंग्रजी येत नसल्याची लाज वाटली.

सांगायला सोपं असं एक उत्तर हाताशी होतं. कॉम्प्युटर बिघडला, त्याने फोटो खाल्ला. जव्हारात त्या काळी हे कारण कोणीही मान्य करत असे. चिटणीस तर वरच्यांना लिहिताना महिन्यातून एकदा ते वापरत. सुकरीने तर प्रश्नही विचारला नसता. ती उठून पाच वाजताच्या एसटीला गेली असती, आणि पुन्हा कधी जव्हारला आलीही नसती. हे सगळं पुष्पावतीबाईंच्या मनात येऊन गेलं. पण साडेतीन तास ती बाई शेजारी बसून परक्या पोरांची तोंडं बघत होती, तिला आपल्या तोंडाने खोटं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

सुकरी आत आली तेव्हा त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"सुकरीबाई, तुमच्या माघीचा फोटो यात होता," त्या म्हणाल्या. "मी स्वतः घातला होता. मग दुसऱ्या एका मुलीचा फोटो तिच्यावर घातला आणि माघीचा पुसला गेला. मशीनने नाही, मी केलं. आता तो कुठेच नाही."

सुकरीला तुम्ही म्हटल्याचं कळलं की नाही, कोण जाणे. तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तू असतं. फोटो काढलेला होता हे नक्की ना, असं तिने विचारलं. बाई हो म्हणाल्या. त्या दिवशी माघी कशी दिसत होती, हे तुला आठवतं का, असं तिने विचारलं. सहाशे चाळीस पोरं बाईंच्या हाताखालून गेली होती आणि त्यांनी प्रत्येकाची फक्त आठ अक्षरं पाहिली होती. नाही आठवत, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना रडू फुटलं. सुकरी रडली नाही. तिने माफ केलं असं म्हटलं नाही आणि दोषही दिला नाही. बाईंचं रडणं आटोपेपर्यंत ती थांबली, आणि मग म्हणाली की ती सकाळची पोर परत दाखव.

बाईंनी टाइप केलं. लाल रिबिनी, मोठी कॉलर. मंजुळा रेघेरेघेने खाली उतरली आणि पूर्ण झाली. सुकरीने तिच्याकडे सकाळी पाहिलं होतं त्याहून खूप जास्त वेळ पाहिलं. ही कोण, कुठली, असं विचारलं. बाईंनी सांगितलं, मंजुळा, जामसरची, ही पण भोयेच.

"जिती हाय ना ही पोर?"

"आहे. नववीत आहे. इथेच शिकते, पलीकडच्या इमारतीत."

सुकरीने मान हलवली. पाचची एसटी गाठायची म्हणून ती उठली, पदर सारखा केला आणि दारापर्यंत गेली. बाईंनी सवयीने बटणाकडे हात नेला, तशी ती वळली.

"राहू दे तिला. पण आता हिच्यावर आणखी कोणाचा घालू नको."